डब्यातली चिल्लर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझा भाचा खोपोलीहून आमच्याकडे कर्जतला आला. एरवी आला की आधी स्वयंपाकघरात डोकावतो. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. चहा आला, गार झाला. मग खिशातून त्याने पाच रुपयांची दोन नाणी काढून टीपॉयवर ठेवली. २०१२ सालची, माता वैष्णोदेवीची मुद्रा असलेली.

"मामू, यांची किंमत किती असेल?"

"दहा रुपये," मी म्हणालो.

पोरगा रडायलाच लागला. हळूहळू हकीकत कळली. फोनवर निरोप आला होता की, अशा एका नाण्याचे पाच लाख मिळतात. फोन लावला तर पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. आधी ११५० रुपये नोंदणी शुल्क मागितले. मग कर. मग रिझर्व्ह बँकेचे म्हणून एक शिक्क्याचे पत्र आले आणि त्याची फी. असे करत करत एकवीस हजार गेले. ते पैसे आपाच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले होते. तिला अजून सांगितलेले नव्हते.

१९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. असले निरोप येत असतात म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते की, जुनी नाणी-नोटा विकण्या-घेण्याच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही आणि आपल्या नावाने ते मागण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. पण जाहीर केलेले सगळ्यांपर्यंत पोचते असे थोडेच आहे! फसवणाऱ्याचा निरोप मात्र नेमका पोचतो.

जाताना पोराने एक प्रश्न विचारला. "मामू, मग जुन्या नाण्याला किंमत असते की नसते? सगळंच खोटं असतं का?" मला उत्तर देता आले नाही. मी आयुष्यभर शब्द जमवले, नाणी नाही. पण घरात अब्बांचा एक पत्र्याचा डबा होता. बिस्किटांचा, झाकणावर गुलाबाची फुले असलेला. अब्बांचे कर्जत स्टेशनबाहेर सायकल दुरुस्तीचे दुकान होते. गल्ल्यात आलेले न चालणारे, वेगळे दिसणारे नाणे ते त्या डब्यात टाकत. दादीच्या पेटीतले काही रुपयेही पुढे त्यातच आले. अब्बा गेल्यावर तो डबा माळ्यावर गेला होता. तो मी उतरवला आणि भाच्याला घेऊन खोपोलीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे गेलो. गिरणीतून निवृत्त झालेले, चाळीसेक वर्षे नाणी जमवणारे. त्यांचे नाव इथे सांगत नाही, लोक डबे घेऊन त्यांच्या दारात रांग लावतील. आम्ही त्यांना काका म्हणतो, ते मला कविराज म्हणतात.

काकांनी जमिनीवर पांढरी चादर अंथरली आणि डबा उपडा केला. तो आवाज अजून कानात आहे. पण पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल? डोळ्यांना भिंग लावले नाही की वर्ष वाचले नाही. आधी नुसत्या हाताने ढीग पाडले. तांबे एकीकडे, चांदी एकीकडे, ॲल्युमिनियम, निकेल, पोलाद. "कविराज, सगळ्यात आधी धातू. नाण्याचं काहीही झालं तरी ही एवढी किंमत कुठं जात नाही. बाकीची किंमत माणसांनी दिलेली असते."

माणसांनी दिलेली किंमत हा मुद्दा जरा मागे जाऊन पाहायला हवा. आज आपण दुकानात दहा रुपयांचे नाणे देतो तेव्हा ते २०११ चे की २०१९ चे, झिजलेले की नवे, हे कोणी पाहत नाही. दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात असे नव्हते. पेशवाईत एकाच बाजारात सुरती, चांदवडी, अंकुशी, अलिबागी असे नाना तऱ्हेचे रुपये फिरत. प्रत्येकाचे वजन थोडे वेगळे, चांदी थोडी वेगळी. कल्याण-पनवेलच्या बंदरांतून माल बोरघाटाने देशावर चढायचा. म्हणजे आमच्या कर्जत-खालापूरच्या वाटेने नाण्यांच्या थैल्या सारख्या वर-खाली होत असणार. घाटाखालचा रुपया घाटावर तेवढ्याच भावाने चालेल याची खात्री नसे. मग सराफ बसायचा. तो नाणे दगडावर आपटून आवाज ऐकायचा, खूण मारायचा, झीज पाहायचा आणि नाण्याच्या दर्शनी मोलातून काही कापून घ्यायचा. त्या कापून घेण्याला बट्टा म्हणत. 'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो ते इथून आलेले आहे. 'खणखणीत' हा शब्द कवितेत मी शंभरदा वापरला असेल, पण तो सराफाच्या दगडावरून माझ्याकडे आला हे त्या दिवशी काकांच्या चादरीवर कळले. सरकारी खजिन्यात नाणी पारखणाऱ्याला पोतदार म्हणत. पोतदार आडनावाचे एखादे मित्र ऐकत असतील, तर त्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

हे सगळे १८३५ च्या कायद्याने मोडीत निघायला लागले. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम; त्यातले बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला, कड दातेरी, म्हणजे कोणी कडेने चांदी खरवडली तर लगेच दिसावी. कळीवर, म्हणजे यंत्रावर पडतो म्हणून लोक त्याला 'कलदार' म्हणू लागले. मुंबईच्या फोर्टातली टांकसाळ त्याच्या काही वर्षे आधीच उभी राहिली होती. एकदा सगळे रुपये सारखे झाले की सराफाचा बट्टा गेला. नाणे हातात आले की ते न पाहता पुढे द्यायची सवय आपल्याला तेव्हापासूनची.

संग्राहक काय करतो? सराफाचे काम तो पुन्हा सुरू करतो. कायद्याने सारखी केलेली नाणी तो पुन्हा एकेक करून वेगळी करतो. फरक एवढाच की सराफ जुन्या नाण्याला कमी देई आणि हा जास्त देतो. तेही नेहमी नाही. जुने म्हणजे मौल्यवान हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज. तो दूर करायला आमच्या रायगड जिल्ह्यातलेच उदाहरण पुरते.

शिवराई. शिवाजी महाराजांचे तांब्याचे नाणे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हापासून पडू लागले. भोवतालच्या बहुतेक राज्यांची नाणी फारसीत असताना याच्यावर देवनागरी अक्षरे आली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. इतिहासाच्या दृष्टीने याच्याहून मोलाचे नाणे महाराष्ट्रात शोधावे लागेल. आणि तरीही एखादी साधी, झिजलेली शिवराई संग्राहकाकडून आज काही शे रुपयांत मिळते. भाच्याला हे पटेना. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे महाराजांचे नाणे आणि किंमत एका जोडी बुटांपेक्षा कमी?

कारण ती चिल्लर होती. महाराजांनंतरही तशाच छापाच्या शिवराया पुढची दीडशे वर्षे निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिल्या. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीलाही लोकांना दुसरा पैसा पसंत नव्हता म्हणून दोन आडव्या रेघांची 'दुदांडी' शिवराई पाडावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बाजारात ती चालत होती. म्हणजे पडल्या अमाप आणि उरल्याही अमाप. याउलट महाराजांचा सोन्याचा होन. तो थोडा पडला, त्याहून थोडा उरला. एखादा विकायला आला तर लाखांच्या गोष्टी होतात. राजा एकच, राज्य एकच. किती पडले याच्यापेक्षा किती उरले हा प्रश्न मोठा.

पण शिवराईतही गंमत आहे आणि ती मला कवी म्हणून फार भावली. ठसे कोरणारे कारागीर अनेक, गावे अनेक, वर्षे अनेक. त्यामुळे कुठे 'शिव', कुठे 'शीव'. कुठे 'पति', कुठे 'पती'. कुठे अक्षरांची फोड वेगळी, कुठे मागेपुढे एखादे चिन्ह. रेव्हरंड जस्टिन ॲबट नावाचे अमेरिकन मिशनरी होते, महिपतींच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणारे तेच. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो शिवराया गोळा करून त्यांचे हे प्रकार लावले आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांच्यावर निबंध लिहिला. ज्या नाण्याकडे बाजारात कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याच्या वेलांट्या हा माणूस मोजत बसला होता. आजचे संग्राहक त्याच वाटेने जातात. नेहमीचा छाप असेल तर काही शे, दुर्मीळ अक्षरफोड असेल तर कितीतरी पट. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला मराठीत पैसे मिळण्याचे हे माझ्या माहितीतले एकमेव ठिकाण. माझे तर आजवर शाळेत मार्कच कापले गेले.

शेतात, बांधावर, जुन्या घराच्या पायात शिवराया सापडतात, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. १८७८ चा कायदा तसा आहे. आणि शंभर वर्षांहून जुने नाणे परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. फोनवर दुबईच्या गिऱ्हाइकाची गोष्ट कोणी सांगू लागला की फोन ठेवावा.

आता आमच्या चादरीकडे. तांब्याच्या ढिगातून काकांनी एक पैसा उचलला, पंचम जॉर्जचा, पाव आणा. वर्ष १९११. त्यांनी तो कपाळाला लावावा तसा डोळ्याजवळ नेला, मग खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. "हा कोणी घासला?"

मीच घासला होता. ईदच्या आदल्या दिवशी, नऊ-दहा वर्षांचा असताना. दादी सणाला तांब्या-पितळेची भांडी चिंचेने आणि राखेने लख्ख करायची. मीही डब्यातले पैसे काढून घासायला बसलो. ईदी नवी कोरी असते, तसे हे जुने पैसेही कोरे करावेत अशी माझी कल्पना. कसे गुलाबी, लखलखीत झाले होते! दादीने पाठ थोपटली होती.

काकांनी सांगितलेली गोष्ट अशी. १९११ साली पंचम जॉर्जची पहिली नाणी आली. राजाच्या अंगावरच्या झग्यावर एका मानचिन्हाचा हत्ती होता. तो इतका बारीक आणि आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांच्या हाती डुकराचे नाणे! ओरड झाली. सरकारने रुपये मागे घेतले, वितळवले आणि १९१२ मध्ये ठळक सोंडेचा हत्ती कोरून नवा ठसा काढला. म्हणून १९११ ची ही नाणी एकाच वर्षाची राहिली. संग्राहक त्यांना आजही 'पिग रुपया', 'पिग पैसा' म्हणतात आणि १९१२ च्या नाण्याहून चांगले पैसे मोजतात.

म्हणजे हे जनावर आमच्या घरात गुलाबाच्या डब्यात कित्येक वर्षे नांदत होते आणि कोणाला पत्ता नव्हता. दादीला कळले असते तर तिने तो पैसा चिमट्याने बाहेर टाकला असता. पण जनावर आता दिसतच नव्हते. ज्या जागी ते असायला हवे त्या जागी माझ्या राखेचे बारीक ओरखडे होते.

"तांब्यावर शंभर वर्षांत जी काळपट-तपकिरी साय धरते ना," काका म्हणाले, "तीच त्याची कातडी. ती तुम्ही सोलून काढलीत. हे नाणं आता जुनंही नाही आणि नवंही नाही."

नाण्याची किंमत करताना अवस्थेला केवढे महत्त्व असते हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. एकच वर्ष, एकच टांकसाळ, एकच छाप. पण एक नाणे हातोहात फिरून झिजलेले आणि दुसरे टांकसाळीतून निघाले तसे. किमतीत दहापट, पन्नासपट फरक पडू शकतो. अमेरिकेत विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये अवस्थेला एक ते सत्तर गुण द्यायची पद्धत बसवली आणि आता जगभरचे मोठे व्यापारी तीच वापरतात. आपल्याकडचे जुने संग्राहक गुणांपेक्षा डोळ्यावर विसंबतात. राजाच्या मुकुटावरचे मणी, भुवई, कानाची पाळी हे उंच भाग आधी झिजतात, म्हणून नजर आधी तिथे जाते. न फिरलेले नाणे दिव्याखाली तिरके करून फिरवले की त्याच्यावर प्रकाशाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी फिरते. घासलेले नाणे कितीही चमकू दे, ती पट्टी फिरत नाही. चमक वेगळी आणि झळाळी वेगळी. मी त्या दिवशी गप्प बसून हे ऐकत होतो, कारण कवितेबद्दल मला हेच कोणी पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला हवे होते.

चांदीच्या ढिगात सात रुपये होते. सहा साधे, आणि एक राणी व्हिक्टोरियाचा १८६२ चा, वर कडी डाग दिलेली. हा दादीच्या गळ्यातल्या माळेतला. आमच्या भागात ठाकर, कातकरी बायकांच्या गळ्यातही रुपयांच्या माळा मी लहानपणी पाहिल्या आहेत. १८६२ च्या रुपयाची एक गंमत आहे. हे वर्ष ठशावर तसेच ठेवून टांकसाळींनी १८७४ पर्यंत रुपये पाडले आणि नेमके वर्ष कळावे म्हणून बारीक ठिपक्यांची खूण केली. संग्राहक भिंग लावून ते ठिपके मोजतात. काही ठिपक्यांचे रुपये सहज मिळतात, काही मिळता मिळत नाहीत. पण आमच्या रुपयाचे ठिपके जिथे असायचे, तिथपर्यंत डागाची चांदी वितळून आली होती. कडी लागली की संग्राहकाच्या लेखी नाणे संपले. ते दागिना झाले. दादीच्या लेखी ते मुळातच दागिना होते, हे मला काकांना सांगावेसे वाटले. सांगितले नाही.

भाच्याने मोबाइलमध्ये पाहून विचारले, "१९३९ चा रुपया आहे का यात?" नव्हता. पण प्रश्न बरोबर होता. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या रोजच्या नाण्यांतला दुर्मिळांचा राजा. महायुद्ध सुरू झाले, चांदी महागली आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. आधीचे चांगल्या चांदीचे रुपये मग बाहेर आलेच नाहीत किंवा वितळले. पुढे ही निम्म्या चांदीची नाणीही गेली. युद्धात अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी स्वतंत्र भारताला १९५७ पर्यंत फेडावी लागली, त्यात त्यांचा मोठा भाग वितळला. वाघ असलेला १९४७ चा रुपया तेव्हा निकेलचा झाला होता. किती नाणी पाडली याचे आकडे पुस्तकात मिळतात. किती वितळली याचे सहसा मिळत नाहीत. म्हणून नुसते पुस्तक पाहून भाव ठरवणारा फसतो. १९३९ च्या रुपयाच्या बाबतीत तर दुप्पट फसतो, कारण दुसऱ्या वर्षाचा आकडा कोरून केलेले आणि सरळ ओतलेले बनावट रुपये त्याचे उदंड आहेत. काका आधी वजन करतात, मग कड पाहतात, मग आकड्याच्या भोवतालची जमीन. आकड्याकडे शेवटी.

बनावटीचा विषय निघालाच आहे. राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान असलेले, १८१८ सालचे, 'ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा' असे लिहिलेले मोठे तांब्याचे नाणे तुम्हीही पाहिले असेल. खेडोपाडी ते लाखांना सांगतात. कंपनीने असे नाणे कधी पाडलेलेच नाही. ती अलीकडे बनवलेली, देवळाबाहेर विकली जाणारी बिल्ले-पदके. आणखी एक भयंकर प्रकार म्हणजे 'राइस पुलर', तांदूळ ओढून घेणारे जादूचे नाणे. ते अंतराळ संशोधनाला लागते म्हणून कोटींना जाते, असे सांगून आजवर कितीतरी लोकांना लुबाडले आहे. वीज पडलेले तांबे म्हणे! तांदूळ ओढायचा असेल तर आधी तांदळालाच लोखंडाचा कीस लावावा लागतो.

मग सर्वात मोठा ढीग उरला. माझ्या बालपणाचा. १ एप्रिल १९५७ ला आणे-पै गेले आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. नाण्यावर हिंदीत लिहिले होते, 'रुपये का सौवाँ भाग', म्हणजे लोकांना हिशेब कळावा. चार आण्यांचे पंचवीस नये पैसे बरोबर होत, पण एका आण्याचे सहा धरायचे. पाव पैसा कुठे गेला यावरून भाजीवाल्याशी भांडणे होत, असे अब्बा सांगायचे. १९६४ मध्ये 'नया' हा शब्द गळला. मग ॲल्युमिनियम आले. एक पैसा पाऊण ग्रॅमचा, फुंकरीने उडेल असा. दोन पैसे फुलासारखे, तीन पैसे षटकोनी, पाच पैसे चौकोनी. डोळे मिटून खिशात हात घातला तरी नुसत्या आकारावरून कळायचे. १९६८ नंतर काही वर्षे पिवळेधमक, कमळाचे वीस पैसे निघाले. त्यात सोने आहे अशी आमच्या गल्लीत पक्की बातमी होती. आमच्या शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्यात ते लक्ष्मीपूजनाला बसायचे. ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी कायद्याने बंद झाली. पन्नास पैसे मात्र आजही चालू आहेत, हे कर्जतच्या कुठल्याही दुकानदाराला सांगून पाहा!

या ढिगात काका वर्षाखालची खूण पाहत होते. मुंबईच्या टांकसाळीचा चौकटचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूण नाही. युद्धकाळातल्या एका रुपयावर इंग्रजी 'एल' होता, म्हणजे लाहोर. १९४३ नंतर थोडी वर्षे तिथे आपले रुपये पडत. १९८५ च्या एका रुपयावर 'एच' दिसला तो बर्मिंगहॅमचा. आपल्याकडे नाण्यांची इतकी चणचण होती की ती परदेशातून पाडून आणली गेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तर मॉस्को, प्रिटोरिया, मेक्सिको, स्लोव्हाकियातले क्रेम्निका इथूनही आली. एसटीच्या कंडक्टरने कर्जत-कशेळे गाडीत सुट्ट्याच्या नावाने तुम्हाला जे नाणे हातात कोंबले, ते कदाचित मॉस्कोहून आलेले होते. एकाच वर्षाच्या, एकाच किमतीच्या नाण्यांत एका टांकसाळीचे भरपूर आणि दुसरीचे अगदी थोडे असे होते, म्हणून संग्राहक वर्ष विचारत नाही, वर्ष आणि खूण विचारतो. यातली बहुतेक नाणी दर्शनी मोलाहून थोड्याच जास्त भावाने जातात. विशेष प्रसंगाची नाणी तर आणखी स्वस्त, कारण १९६४ च्या नेहरूंच्या रुपयापासून लोकांनी ती जपूनच ठेवली. सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होईल? वैष्णोदेवीचे पाच रुपये तेच आहेत.

मग खरोखर काय मिळते? छापच सरकलेले, दोन्ही बाजूंना एकच चित्र उलटसुलट उमटलेले, चुकीच्या चकतीवर पडलेले नाणे, टांकसाळीची चूक. ती तिथे सहसा बाहेरच काढून टाकतात, म्हणून निसटलेली थोडी. आमच्या ढिगात तशी एकही नव्हती. दोन पैशांचे एक नाणे मात्र काकांनी बाजूला काढले. अब्बांच्या हिशेबाच्या कागदात घडी पडून राहिले होते, कोणाच्या हाताचा घाम त्याला लागलेला नव्हता. दिव्याखाली धरले तर ती पट्टी फिरली. "याचे मी पन्नास रुपये देतो," काका म्हणाले. पंचवीसशे पट! पण शेवटी पन्नासच.

भोकाचे पैसे अकरा निघाले. १९४३ ते १९४७, युद्धात तांबे वाचवायला मधोमध भोक पाडून काढलेले. सगळ्यांवर भोकाभोवती गोल ओरखडे. काकांना ते कशाचे हे कळेना, मला कळले. अब्बा ते सायकलच्या नटाखाली वायसर म्हणून बसवत. त्यांच्या उस्तादांनी त्यांना ते शिकवले होते. वायसर विकत घेण्यापेक्षा बंद पडलेला पैसा स्वस्त पडायचा.

संध्याकाळी हिशेब झाला. संग्राहकाच्या भावाने सगळ्या डब्याचे हजार-दीड हजारही होत नव्हते. कामाला आली ती काकांनी पहिल्यांदा सांगितलेली किंमत, धातूची. साधे सहा रुपये भाच्याने आणि मी सराफाकडे नेले. त्याने ते दगडावर आपटले नाहीत, यंत्राखाली ठेवले, आणि चांदीच्या त्या दिवसाच्या भावाने पैसे मोजले. ते आपाच्या डोळ्यांसाठी गेले. उरलेले मी घातले. सगळे तिला सांगितले तेव्हा ती भाच्याला काही बोलली नाही, मलाच म्हणाली, "आणि दादीचा कडीवाला?" तो विकला नव्हता. तिने तो मागून घेतला.

भोकाचा एक पैसा भाच्याने ठेवून घेतला. परवा खोपोलीला गेलो तर त्याच्या मोटरसायकलच्या किल्लीत अडकवलेला दिसला. काकांना सांगितले तर ते म्हणाले, "अजून ओरखडे पडतील."

"पडू देत," मी म्हणालो.